वारसाला पैसा मिळतो, हिशोबाचा कागद मिळत नाही

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

महोदया,

वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर आपल्या देशात कर नाही. इस्टेट ड्यूटी १९८५ सालीच गेली. तरीही माझ्यासारख्या करसल्लागाराकडे लोक अजून तोच प्रश्न घेऊन येतात: आईच्या ठेवींचे पैसे खात्यात जमा झाले, हे उत्पन्नात दाखवायचे का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असे असते. पण उद्या आयकर खात्याने विचारले तर दाखवायला काय आहे, असा पुढचा प्रश्न आला की माझीही पंचाईत होते. हे पत्र त्या ‘दाखवायला काय’साठी लिहितो आहे.

माणूस गेल्यावर वाटणी पुरी व्हायला वर्ष जाते, कधी चार-पाच वर्षे. कुठे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता, अडकते, कुठे एक वारस परदेशात, कुठे दोन भाऊ बोलतच नाहीत. तेवढ्या काळात मालमत्ता काही स्वस्थ बसत नाही. ठेवींवर व्याज चढते, भाडे येते, शेअर्सवर लाभांश येतो. या मधल्या काळातल्या उत्पन्नाचे काय करायचे, हे १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम १६८ मध्ये लिहिलेले होते. वाटणी पुरी होईपर्यंत कर मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने, म्हणजे एक्झिक्युटरने, मालमत्तेच्या वतीने भरायचा. तोही त्याच्या स्वतःच्या उत्पन्नात न मिसळता, वेगळा. मृत्युपत्रात कोणाला नेमकी एखादी वस्तू दिली असेल आणि तिचे उत्पन्न त्याच वर्षात त्याच्या हाती दिले असेल, तर तेवढे मालमत्तेच्या हिशोबातून वगळून त्या लाभार्थ्याच्या उत्पन्नात धरायचे. तत्त्व चोख आहे. एका उत्पन्नावर कर एकदाच लागावा, आणि ज्याच्या हिशोबात ते बसते त्याच्याकडून घेतला जावा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. घोडे पेंड खाते ते अंमलबजावणीत.

एक प्रकरण सांगतो. निवृत्त शिक्षिका, जूनमध्ये गेल्या. मृत्युपत्रात भाड्याने दिलेला फ्लॅट थोरल्या मुलीला, उरलेले सगळे, म्हणजे मुख्यतः मुदत ठेवी, दोन मुलांना निम्मेनिम्मे. एक्झिक्युटर त्यांचा धाकटा भाऊ. वर्षभर या मामांनी भाडे भाचीच्या खात्यात पाठवले आणि ठेवींच्या व्याजातून दोन्ही भाच्यांना अधूनमधून रक्कम दिली. मार्चअखेर तिघांची पासबुके शेजारी ठेवली तर नोंदी सारख्याच दिसतात: मामांकडून जमा. पण कायद्याने भाचीला मिळालेले भाडे तिचे करपात्र उत्पन्न आहे, आणि भाच्यांना मिळालेले पैसे नाहीत, कारण उरलेल्या मालमत्तेच्या उत्पन्नावरचा कर मामांनी आधीच भरायचा आहे. भावंडे तीन, पैसा एकाच हातून आला, आणि करआकारणी दोन तऱ्हांची. हे त्यांना सांगणारा कागद कायद्याने कोणीही देत नाही. मामांनी वहीत लिहिले तेवढेच. त्यातही मार्चचे भाडे मार्चमध्ये पाठवले तर भाचीच्या उत्पन्नात, आणि बँकेची सुट्टी आड येऊन ते २ एप्रिलला गेले तर मालमत्तेच्या!

मामांच्या वाट्याला त्या एका वर्षात दोन विवरणपत्रे आली. एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न बहिणीच्या पॅनवर, कायदेशीर वारस म्हणून पोर्टलवर नोंद करून. त्यानंतरचे मालमत्तेच्या नव्या पॅनवर. हा नवा पॅन काढणे हीच एक कसरत. वर्षानुवर्षे वापरात राहिलेल्या पॅनच्या ४९ए अर्जात व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब, ट्रस्ट, कंपनी असे सगळे रकाने. ‘मयताची मालमत्ता’ हा रकाना नव्हता. मग कोणी ‘कृत्रिम विधी व्यक्ती’वर खूण करायचा, कोणी ‘ट्रस्ट’वर, आणि चुकीच्या खुणेचे भोग पुढे विवरणपत्र भरताना भोगायचा.

आता व्याजाचे पाहू. ठेवींवर सहा लाख रुपये व्याज आले आणि बँकेने दहा टक्क्यांनी साठ हजार रुपये टीडीएस कापला. कोणाच्या पॅनवर? मयत बाईंच्या. ठेवी अजून त्यांच्याच नावावर होत्या. म्हणजे उत्पन्न मालमत्तेच्या विवरणपत्रात आणि कापलेला कर मयताच्या खात्यावर. टीडीएस दुसऱ्याच्या नावे वळवण्याची सोय आयकर नियमांतल्या नियम ३७बीए मध्ये होती. पण त्यासाठी ज्याचा कर कापला त्याने बँकेला तसे लेखी कळवावे, अशी अट होती. इथे ज्याने कळवायचे तोच हयात नाही. विवरणपत्रात दुसऱ्याच्या पॅनवरचा टीडीएस मागायला रकाना आहे, पण तो भरला तरी संगणकात मेळ बसेल याची खात्री कोणताही सल्लागार देत नाही. परतावा मिळायच्या जागी मागणीची नोटीस येते.

यात आणखी एक मेख आहे. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला २०२५-२६ पासून करात पूर्ण सूट मिळते; १९६१च्या कायद्यात ती कलम ८७ए खाली होती. हे सहा लाख रुपये थेट एका मुलाच्या हाती आले असते आणि त्याला दुसरे उत्पन्न नसते, तर कर शून्य. मालमत्तेच्या हातात असताना मात्र सूट धरली नाही तर चार लाखांवरच्या दोन लाखांवर पाच टक्के आणि उपकर, म्हणजे १०,४०० रुपये. उत्पन्न बारा लाख असेल तर ६२,४००. एकटा एक्झिक्युटर असेल तर त्याची आकारणी ‘व्यक्ती असल्याप्रमाणे’ करावी, असे कायदा म्हणतो. मग व्यक्तीची सूटही मिळायला हवी, असे माझे मत. पण खात्याने हे स्पष्ट शब्दांत सांगितल्याचे माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे प्रत्येक सल्लागार आपापल्या धाडसाप्रमाणे विवरणपत्र भरतो. आणि बाईंनी खबरदारी म्हणून दोन एक्झिक्युटर नेमले असते, तर आकारणी ‘व्यक्तिसमूह’ म्हणून झाली असती आणि सूट मिळण्याचा प्रश्नच उरला नसता. म्हणजे सावधपणाला दंड.

खुलाशाअभावी असेच खासगी ट्रस्टचेही झाले, त्याबद्दल थोडक्यात लिहितो. लाभार्थ्यांचे हिस्से ठरलेले नसतील तर, काही अपवाद सोडून, सर्वोच्च दराने कर लागतो. त्यामागचे कारण मला पटते. नाहीतर उत्पन्न दहा नावांत वाटून कर चुकवणे सोपे होईल. पण पाच-सहा लाख उत्पन्नाच्या ट्रस्टवरही सर्वोच्च अधिभार, म्हणजे मोठ्या उत्पन्नावर करावर लागणारा जादा कर, धरून जुन्या प्रणालीत ४२.७४४ टक्क्यांनी हिशोब होत होता. अधिभार उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणेच लावायचा, हे सांगायला एप्रिल २०२५ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबईतील विशेष पीठाला बसावे लागले. एका परिपत्रकाने मिटला असता असा वाद लहान ट्रस्टना अपिलापर्यंत का न्यावा लागला, हे मला आजही कळलेले नाही.

आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. भाषा सुटसुटीत झाली, ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ यांच्या जागी ‘कर वर्ष’ आले. ते चांगलेच झाले. पण मामांची अडचण कायद्याच्या भाषेत नव्हतीच, अर्जात, रकान्यात आणि संगणकात होती. आणि ती तिथे सोडवता येते, हे शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने नुकतेच दाखवले आहे. नॉमिनी हा मालक नसतो, हे शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तरी नॉमिनीकडून खऱ्या वारसाकडे शेअर्स गेले की ती विक्री समजली जाण्याची भीती असे. सेबीने सप्टेंबर २०२५च्या परिपत्रकाने अशा हस्तांतरासाठी ‘टीएलएच’ हे कारण-चिन्ह ठरवून दिले, जे आयकर खात्याला माहिती कळवताना वापरायचे. कायद्यातला स्वल्पविरामही हलवावा लागला नाही.

तसेच काही इथे करावे. एक्झिक्युटर किंवा विश्वस्ताने दर कर वर्षानंतर प्रत्येक लाभार्थ्याला एका पानाचे विवरण द्यावे: एकूण किती दिले, त्यात मूळ मालमत्ता किती, मालमत्तेने कर भरलेले उत्पन्न किती, लाभार्थ्याने स्वतः दाखवायचे उत्पन्न किती आणि ते व्याज, भाडे, लाभांश यांपैकी कोणते, शिवाय त्यासोबत येणारा टीडीएस किती. अमेरिकेत ‘के-१’ आणि ब्रिटनमध्ये ‘आर १८५’ हे कागद असेच काम करतात. हेच विवरण खात्याकडे गेले, की लाभार्थ्याच्या वार्षिक माहिती विवरणात ते आपोआप दिसावे. पॅनच्या अर्जात मयताच्या मालमत्तेसाठी वेगळा रकाना असावा. मृत्यूची नोंद झाल्यावर एक्झिक्युटरच्या एका अर्जावर बँकेने टीडीएस नव्या पॅनवर टाकावा, मयताच्या संमतीची वाट न पाहता.

आणि ८७एचा खुलासा तर आधी करावा. त्याला विधेयक लागत नाही, अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे एक परिपत्रक पुरे. सूट मिळणार नसेल तर तसे लिहा, म्हणजे मी मामांना १०,४०० भरायला सांगेन आणि पुढच्या मृत्युपत्राच्या वेळी अशिलाला वाटणी लवकर उरकायचा सल्ला देईन. मिळणार असेल तर त्यांचा परतावा अडून आहे.

आपला,
एक करसल्लागार