सूचना : सर्फबोर्ड रॅकवर ठेवण्यापूर्वी

सर्व सभासदांसाठी,

पाण्यातून आल्यावर बोर्ड, लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) आणि फिन (बोर्डाखालचे पंख) गोड्या पाण्याने धुवा. फिनच्या खाचेत खारं पाणी आणि वाळू राहिली की स्क्रू गंजून अडकतो. बोर्ड सावलीतच वाळवा. बंद गाडीत तापला की वरचं फायबरग्लास आतल्या फोमपासून सुटून फुगतं, आणि ती दुरुस्ती महागात पडते.

पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावलेलं मेण मळलं की ते पाच मिनिटं उन्हात मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. उरलेलं खोबरेल तेलाने निघतं, पण नंतर साबण हवाच, नाहीतर नवीन मेण धरत नाही. मेण ट्रॉपिकलच (गरम पाण्यासाठीचं) घ्या.

तडा गेलेला बोर्ड पाण्यात नेऊ नका, फोम पाणी शोषतो. पूर्ण सुकल्यावरच तड्यात रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) भरा. थर्माकोलसारख्या फोमच्या बोर्डाला पॉलिएस्टर रेझिन लावलं तर फोम विरघळतो. फोम ओळखता येत नसेल तर एपॉक्सी रेझिन वापरा, ते थर्माकोलसारख्या आणि पॉलियुरेथेन अशा दोन्ही फोमना चालतं.