बोटफेरीची वेळ भरती पाहून ठरवावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हिवाळ्यात इंदुरातून गोव्याला निघणाऱ्या सहलींच्या पत्रकांत आता मांडवी नदीतील चोडण बेटावरच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याची अर्ध्या दिवसाची बोटफेरीही दिसू लागली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र माझ्या पाहण्यात आलेल्या पत्रकांत तारीख कोणतीही असो, फेरीची वेळ ‘नाश्त्यानंतर, साडेदहा’ अशीच छापलेली असते, आणि माझी हरकत नेमकी तिथेच आहे.

हे अभयारण्य जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचे आहे आणि कांदळवनातल्या अरुंद पाणवाटांतून होडीनेच ते नीट पाहता येते. ओहोटी पुरती लागली की या वाटांत होडी शिरत नाही. पाणी काठोकाठ असले तर चिखल बुडतो आणि त्यावर चरणारे पक्षी दिसत नाहीत. म्हणून भरती पूर्ण होता होता आत जावे आणि पाणी उतरू लागले की सावकाश बाहेर यावे. तेव्हा तिवरांची चिखलातून वर आलेली श्वासमुळे, त्यांच्यामधून टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या (चिखलावर वावरणारे छोटे मासे) आणि फांदीवर टपून बसलेला खंड्या, हे सारे अगदी जवळून दिसते. सिरपूर तलावावर पक्षी पाहणाऱ्या आम्हा इंदूरकरांना पाणी ऋतूप्रमाणे उतरते एवढेच ठाऊक. खाडीत ते सहा तासांत उतरते.

वेळेचा अंदाज घरच्या कालनिर्णयावरूनही काढता येतो. तिथीला तिनाने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ मिळते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. त्यानुसार एकादशीला भरती सव्वाआठच्या सुमारास येते, म्हणजे साडेसातला होडीत बसणे उत्तम. चतुर्थीला मात्र ती तीनला येते आणि सकाळी नऊला ओहोटी असते, त्या दिवशी साडेदहाला जाऊन काय पाहणार? खाडीत आत हीच वेळ थोडी पुढे सरकते, म्हणून आदल्या दिवशी नावाड्याला विचारून खात्री करून घ्यावी.

सहल आयोजकांनी पत्रक छापण्यापूर्वी प्रत्येक तारखेची भरती पाहावी, रायबंदरच्या फेरीबोटीसाठी लागणारा वेळ त्यात धरावा आणि पर्यटकांनीही पैसे भरण्याआधी हे विचारून घ्यावे. पोह्यांचे काय, ते परतल्यावरही खाता येतील.

आपला नियमित वाचक,
इंदूर