नौपाड्यातल्या काकूंना, चार गुंठ्यांबद्दल

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

वाड्यामागची चार गुंठे जागा, म्हणजे साधारण 405 चौरस मीटर, तुम्ही लहानशा बागेसाठी ठाणे महानगरपालिकेला दिलीत. नौपाड्यात एवढ्या जागेचं मोल काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला आभार मानायचे आहेत ते ती ज्या रीतीने दिलीत त्याबद्दल. दानाच्या जागा बहुधा कागदात अडकतात, आणि तुम्ही कागदाला आधी हात घातलात.

जागा वडिलोपार्जित. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर अशा मालमत्तेत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. म्हणून दिरांबरोबर नणंदांचीही हक्कसोडपत्रं तुम्ही आधी नोंदवून घेतलीत, मग पालिकेत अर्ज दिलात. एका वारसाची सही राहिली तर पुढच्या पिढीत दावा उभा राहतो आणि बागेला कुलूप लागतं.

मग मोजणी. आपल्या भागात सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, जुना सातबारा आणि प्रत्यक्ष कुंपण या तिघांचं क्षेत्र सहसा जुळत नाही. तुम्ही स्वतः फी भरून सरकारी मोजणी करून घेतलीत आणि खुणांप्रमाणे कुंपण सरकवलंत. पोटविभाजन करून बागेच्या तुकड्याचं पत्रकही वेगळं काढलंत. ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. तुकडा वेगळा नसेल, तर उद्या वाड्याचा पुनर्विकास करणारा बिल्डर बागेचं क्षेत्रही भूखंडात धरून त्यावर एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राप्रमाणे मिळणारं बांधकाम, मागू शकतो.

दानपत्राबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण गल्लीत आणखी दोन घरं याच विचारात आहेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 प्रमाणे स्थावराचं दान नोंदणीकृत दस्तानेच होतं, त्यावर किमान दोन साक्षीदार लागतात, आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारावं लागतं. नुसतं पत्र किंवा ताबा पावती देऊन दान पुरं होत नाही. म्हणून महासभेचा स्वीकृतीचा ठराव होईपर्यंत तुम्ही पाठपुरावा सोडला नाहीत, याचं आम्हाला फार मोल वाटतं. मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णयही, म्हणजे शुल्क किती लागेल याचा सरकारी निर्णय, सहीआधी करून घेतलात, त्यामुळे दस्त निबंधकाकडे अडला नाही. आणि अट एकच घातलीत: जागा सार्वजनिक बागेसाठीच, तिथे पार्किंग, सभागृह किंवा कार्यालय नको. ‘वाटेल तेव्हा परत घेईन’ असं लिहिलं असतंत, तर दानच रद्दबातल ठरलं असतं. नावाच्या पाटीचा आग्रह धरला नाहीत. पाटी लावायची की नाही, हे तुम्हीच सांगा.

ताब्याच्या पंचनाम्यात आंबा, दोन नारळ आणि करंज बुंध्याच्या घेरासह नोंदवायला लावलेत, तेही फार बरं केलंत. 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे तोडीला परवानगी लागतेच, पण मुळात नोंद नसेल तर झाड होतं हे सिद्ध कसं करणार?

आता बागेचं. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे या चार गुंठ्यांवर साधारण दहा लाख लिटर पाणी. सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले तर ते पाणी सरळ गटारात जाईल आणि झाडांची मुळं गुदमरतील. म्हणून फरसबंदी फक्त दीड मीटर रुंदीच्या वाटेपुरती ठेवायची, तिला शंभरात एक उतार द्यायचा आणि पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्याकडे वळवायचं, असा आराखडा आम्ही उद्यान विभागाला दिला आहे. विहिरीवर लोखंडी जाळी बसवायची. उन्हाळ्यात रोजचं हजारभर लिटर पाणी तिच्यातूनच निघावं, टँकर लागू नये. नव्या झाडांसाठी मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे लागतील. मागच्या कोपऱ्यात जुनं राबिट, म्हणजे बांधकामाचा मलबा, पुरलेलं आहे, ते उपसल्याशिवाय तिथे काही जगणार नाही. ताम्हण आणि बहावा लावावा असं सुचवलं आहे. गुलमोहर नको, पावसाळी वाऱ्यात तो लवकर कोसळतो.

दोन कामं उरली आहेत. नगर भूमापन कार्यालयात फेरफार, आणि पालिकेच्या मालमत्ता नोंदवहीत व अंदाजपत्रकात बागेचं नाव. दुसरं राहिलं तर माळी मिळत नाही, म्हणून त्याच्या मागे आम्ही आहोत. फेरफाराच्या नोटिशीवर तुमची सही लागली तर कागद घरीच घेऊन येऊ, तुम्ही जिने चढू-उतरू नका. पत्रकावर पालिकेचं नाव चढलं की पहिली प्रत तुम्हाला.

आपले नम्र,
गल्लीतले शेजारी, नौपाडा, ठाणे