सूचना : बॉयलरच्या फ्ल्यूवरून होणारे शेजाऱ्यांचे वाद

सर्व सभासदांना नमस्कार.

थंडी वाढली की फ्ल्यूच्या, म्हणजे बॉयलरमधले वायू घराबाहेर सोडणाऱ्या नळीच्या, तक्रारी सुरू होतात आणि साध्या बोलण्याचं भांडण व्हायला वेळ लागत नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहीत आहोत.

कन्डेन्सिंग बॉयलरमधून (बाहेर जाणाऱ्या वायूंतली उष्णताही वापरून पाणी तापवणाऱ्या बॉयलरमधून) निघणारा पांढरा लोट बहुतांशी पाण्याच्या वाफेचा असतो. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि थोडे नायट्रोजन ऑक्साइडही असतात. त्यामुळे तो सतत खिडकीतून आत येत असेल, चौकटीवर थेंब साचत असतील, तर तक्रार रास्तच आहे. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही, वासही नाही. लोट दिसत नाही म्हणजे सगळं ठीक, असं अजिबात धरून चालू नका.

शेजाऱ्यांना आपल्या खिडकीपाशी बोलवा, त्यांना स्वतः पाहू द्या. त्यांच्या घरातून हे दिसतच नाही, हे आपण विसरतो. वेळ, वाऱ्याची दिशा आणि फोटो यांची नोंद ठेवा. अधिकृत तंत्रज्ञाकडून ज्वलनाची तपासणी करून घ्यायला सांगा. पुष्कळदा नळीला जोड बसवून लोटाची दिशा बदलता येते. तरीही मार्ग निघाला नाही, तरच लेखी तक्रार करा.

फ्ल्यूचं तोंड कोणीही, कितीही राग आला तरी, कापडाने किंवा फळीने झाकू नये. वायू उलटा घरात शिरून जीव जाऊ शकतो.

दोन्ही घरांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा. डोकेदुखी, मळमळ, चक्कर जाणवली तर लगेच मोकळ्या हवेत या आणि आपत्कालीन सेवेला फोन करा.