दीर्घ लेखांसाठी निर्णयसागरी वळणाचे अक्षर योजावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील दीर्घ लेख सर्वत्र सारख्याच जाडीच्या रेघांच्या अक्षरात छापले जातात. मथळे, तक्ते आणि मोबाइलचा पडदा यांना ते अक्षर शोभते. परंतु पानभर सलग वाचायच्या मजकुरासाठी निर्णयसागरी वळणाचे अक्षर योजावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६४ मध्ये टाइप फौंड्री (छपाईचे खिळे ओतण्याचा कारखाना) आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांच्या कसबी हातांतून तेथे जे अक्षर घडले, त्यातच पुढे ‘काव्यमाले’सारख्या ग्रंथमालांतील संस्कृत ग्रंथ छापले गेले. बोरूने लिहिताना रेघ जशी एका दिशेला भरदार होते आणि दुसऱ्या दिशेला निमुळती होत जाते, तशीच ती या अक्षरातही होते. वळणे गोल आणि अक्षरांच्या आतील पोकळ्या मोकळ्या असल्यामुळे ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ चटकन वेगळे ओळखू येतात, आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे तर या वळणात फारच देखणी दिसतात. रोमन लिपीतील जुन्या सेरिफ (रेघांच्या टोकांना बारीक शेपट्या असलेल्या) टाइपांमध्ये जो जिव्हाळा जाणवतो, तोच मला येथे जाणवतो.

हे अक्षर आज केवळ जुन्या पोथ्यांपुरते उरलेले नाही. निर्णयसागरच्या टाइपांपासून प्रेरणा घेऊन तयार झालेला ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फाँट गूगल फाँट्सवर विनामूल्य मिळतो. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी स्वीकारलेले पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ त्यात मुळातच आहेत. मराठी वृत्तपत्रात हिंदी वळणाचा ‘ल’ छापलेला पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण शाळेत मुले गिरवतात ते वळण निराळे असते.

हा बदल करताना काही पथ्ये मात्र पाळावी लागतील. या फाँटला ठळक रूप नाही. संगणकाकडून तो बळेच ठळक करून घेतल्यास पोकळ्या बुजतात, म्हणून मथळ्यांसाठी सात वजनांत (म्हणजे रेघांच्या सात जाड्यांत) मिळणारा ‘मुक्त’ किंवा तशाच धाटणीचा दुसरा फाँट वापरावा. वृत्तपत्राच्या स्वस्त कागदावर शाई पसरते आणि बारीक रेघा तुटतात, त्यामुळे अक्षराचा आकार किंचित वाढवावा. ओळींमधील अंतरही सैल ठेवावे. अन्यथा खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडेल. यामुळे पानावर थोडा मजकूर कमी बसेल, हे मान्य आहे, आणि ती किंमत मोजण्याजोगी आहे असे मला वाटते. प्रारंभी पुरवणीतील एखादाच दीर्घ लेख या अक्षरात छापून वाचकांचे मत मागवावे.

आपला,
एक नियमित वाचक, गिरगाव, मुंबई