माळ्यावरच्या पुस्तकांचं काय करायचं?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर हा विषय निघाला की तुम्ही लगेच फोन आईच्या हातात देता, म्हणून पत्र लिहिते आहे. चिपळूणच्या घरातल्या माळ्यावरची पुस्तकं लोटिस्माला, म्हणजे आपल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला, द्यायची का, एवढंच विचारायचं आहे. तुमचं उत्तर ठरलेलं आहे: "दोनदा बुडालेल्या वाचनालयाला पुस्तकं देण्यापेक्षा थेट वाशिष्ठीत सोडलेली काय वाईट?" तरी जरा ऐका. आई, हे तूच मोठ्याने वाचून दाखव. बाबांना वाचायला दिलंस तर मधली पानं गाळतील.

परवा वाचनालयाच्या वर्धापनदिनाला गेले होते. तुमची चौकशी करणारे इतके भेटले की पहिलं अर्धं भाषण माझं तिथेच गेलं. फार काही बुडालं नाही म्हणा. प्रास्ताविक, परिचय, परिचयाचा परिचय हे सगळं तुमच्या वेळी होतं तसंच आहे. पण त्याआधी मुलांचं अभिवाचन झालं, ते तुम्ही ऐकायला हवं होतंत. माझ्या वर्गातला एक पोरगा, शाळेत तोंडातून शब्द काढत नाही, त्याने माइक खाली ओढून घेतला आणि पानभर उतारा एका दमात वाचला. पाहुण्यांच्या भाषणापेक्षा टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. मुलांना मी आधी सांगितलं होतं की हे वाचनालय १८६४ सालचं, तेव्हा खुद्द लोकमान्य रत्नागिरीत सात-आठ वर्षांचे होते. नाव मागाहून दिलं. त्यावर एकाने विचारलं, "मग टिळक इथे पुस्तक बदलायला यायचे का?" काय सांगणार!

आता मुद्द्याचं. तुम्हाला २००५ची २६ जुलै आठवते, मला २०२१ची २२ जुलै. वरून पाऊस, खालून भरती, वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या गावात. पाणी उतरल्यावर आम्ही शाळेतले काही जण वाचनालयात मदतीला गेलो होतो. ओलं झालेलं पुस्तक फुगतं, हे तोपर्यंत माहीत नव्हतं. फळीवरची रांग इतकी घट्ट झाली होती की पुस्तकं ओढून निघेनात. कडेचं एखादं फाडून काढलं की मग बाकीची सैल व्हायची. साध्या कागदाची काही पुस्तकं पंख्याखाली वाळवून वाचवता येतात. गुळगुळीत कागदाची पानं मात्र चिकटून एकच फळी होते. दिवाळी अंकांची तीच गत. तेव्हा तुमची भीती खोटी नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण बाबा, त्या दिवशी जी पुस्तकं सभासदांच्या घरी होती, उंचावरच्या आळ्यांत, कुणाच्या उशाशी, कुणाच्या टीव्हीवर, त्यांना पाण्याचा थेंब लागला नाही. पुढे ती एकेक करून परत आली. एरवी उशिरा परत करणाऱ्यांवर आपण किती बोटं मोडतो! देवघेवीत फिरणारं पुस्तक बुडायला कपाटात असावं तर लागतं. आपल्या माळ्यावर पूर नाही येत हे खरं, पण कसर येते. गेल्या पावसाळ्यात मी वर चढले तेव्हा तळाच्या गठ्ठ्याला बुरशी धरली होती. वेखंड आणि डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत, पण बंद घरात त्या किती पुरणार?

शिवाय घेताना ते सगळं सरसकट घेत नाहीत, हे तुम्हाला आवडेल. मी विचारलं तर म्हणाले, आधी यादी द्या. जागेला मर्यादा असतात, आणि लोक जुनी गाइडं, पंचांगं, लग्नात आलेली प्रवचनांची पुस्तकं असं काहीही आणून टाकतात. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं ते बरंच झालं, पण त्यात पगार, वीज भागवून नव्या खरेदीला उरतं किती? चांगल्या स्थितीतलं जुनं पुस्तक म्हणूनच त्यांना हवं असतं. यादी करायला बसले तेव्हा तुमचे इतिहासाचे आणि प्रवासवर्णनांचे गठ्ठे सुस्थितीत निघाले. दिवाळी अंकांतले निम्मे तरी जातील. कोकणातल्या बोलींवरची ती तीन पुस्तकं मात्र मी आधीच बाजूला काढली आहेत, ती तुम्हाला लागतील.

आई, तुझ्यासाठी एक. २०१३च्या जानेवारीत आपल्याकडे साहित्य संमेलन झालं, कोत्तापल्ले सर अध्यक्ष होते, तेव्हा तू मिळवलेल्या स्वाक्षऱ्यांची वही सापडली. निम्म्या सह्या कुणाच्या ते कळत नाही. ती कुणालाच देणार नाही, घाबरू नकोस. येताना घेऊन येईन.

यादी सोबत जोडली आहे. बाबा, ज्या पुस्तकावर तुमचा जीव आहे त्यापुढे लाल पेनाने फुली मारा, बाकीची मी देईन. सगळ्यांवर फुल्या मारून पाठवाल, तर यादी परत येईल! आणि पावसाच्या आत कळवा, कारण जूनमध्ये गठ्ठे रिक्षातून न्यायचे म्हणजे पुन्हा ताडपत्रीची भानगड. दादाला सांगा, उत्तर कुरिअरने नको, साध्या पोस्टाने चालेल. फक्त फुल्यांचा फोटो आधी पाठवायला सांगा.

आंबोशी आणि कोकमं शेजारच्या काकूंबरोबर पाठवली आहेत. बरणी परत हवी आहे त्यांना.

तुमची,
चिमी