कार्ड ऐंशीला

डिचोली

प्रिय नंदू,

तुझे मेसेज वाचतो आणि उत्तर देत नाही, म्हणून तू चिडला असणार. चीड. पण हे प्रकरण फोनवर सांगण्यासारखं नाही. तू मध्येच खिदळायला लागशील आणि मला ते सगळं सांगायचं आहे. तब्येत ठीक. शुगर होती तिथेच आहे. आईचे गुडघे पाऊस संपला की बरे होणार आहेत, असं ती दर पावसात म्हणते.

तर यंदा चवथीच्या तोंडावर शाळेने पोरांना सवलतीची कार्डं विकायला लावली. कार्ड शंभर रुपयांचं. मागे डिचोली-साखळीतली चौदा दुकानं छापलेली: चष्मेवाला दहा टक्के, चपलावाला दहा, सोनार घडणावळीवर पाच (सोन्यावर नव्हे, हे बारीक अक्षरात), एक खानावळ फक्त मंगळवारी नि गुरुवारी. मुदत ३१ मार्च. शंभरातले चाळीस छापणाऱ्या एजंटाचे, साठ शाळेचे. ३२० पोरं, प्रत्येकी दहा कार्डं, म्हणजे १,९२,००० रुपये. हेडसरांनी हा आकडा ऑफिसातल्या फळ्यावर लिहिला आणि तो कुणाला पुसू दिला नाही. मी गणित शिकवतो, म्हणून हिशेब माझ्या गळ्यात.

पैसे कशाला, तर स्टेजच्या छपराला. तेच छप्पर, ज्याच्या गळतीने ऐन प्रवेशात तुझी दाढी सुटली होती. आमचे पगार सरकार देतं, इमारतीचं मॅनेजमेंटने बघायचं. पूर्वी अडायचं नाही. पात्रावांच्या, म्हणजे खाणमालकांच्या, घरी जायचं, ट्रकवाल्यांना भेटायचं, की पत्रे आले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू होतात न होतात तोच २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीजं रद्द केली, आणि आमची देणगीची वही कपाटात गेली. आता लिलाव होऊन कुठे कुठे काम सुरू झालंय, पण तो मोकळा हात गेला तो गेलाच. ज्यांच्या बापांनी ट्रक विकले त्यांच्या पोरांनी आता कार्डं विकायची.

आणि विकायची कुणाला? एकेका वाड्यावर आमची दहा-बारा पोरं आणि घरं तीस. पहिलं पोर पोचतं तेव्हा लोक कौतुकाने घेतात, चौथ्याला पाणी देतात, सातवं दिसलं की दार ओढून घेतात. अनोळखी दारी जायचं नाही असा आमचाच नियम, आणि तो योग्यच आहे. मग उरले मामा, मावशा आणि आई-बापांची ऑफिसं. ज्याचा बाप पणजीत मोठ्या हुद्द्यावर, त्याची कार्डं हाताखालच्या लोकांनी घेतली. साहेबाला नाही कोण म्हणणार? नववीतल्या एका मुलीची सत्तर कार्डं अशीच गेली. तिने स्वतः एकही विकलं नाही, गुणी पोर आहे, तिला त्याची लाजच वाटते. सहावीतला एक फाटकाशी उभा राहून विचारायचा, “तुम्हाला कार्ड नको ना?” लोक म्हणायचे नको. तो “बरं” म्हणून निघायचा. अगदी माझ्यावर गेलाय.

हसू नकोस, सगळं असं गमतीचं नाही. मुळगावच्या एकाचा बाप इंडस्ट्रियल एस्टेटीत कंत्राटावर आहे. कार्डं परत केली तर पोराचं नाव तक्त्यावर खाली राहील, म्हणून त्याने दहाही कार्डं स्वतःच घेतली. हजार रुपये मोजून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “सर, पावती नका.” हो, तक्ता होता. वर्गावर्गाच्या दारावर, नावांसह. तो लावू नका असं मी पहिल्याच बैठकीत म्हटलं होतं, पण एजंटाने सांगितलं की तक्ता आणि बक्षीस असल्याशिवाय पोरं हलत नाहीत. बक्षीस म्हणजे सायकल. ती हेडसरांच्या केबिनबाहेर ठेवलेली, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढता.

आता ऐक. आठवीत एक पोर आहे, पिळगावचं. आई बुधवारच्या बाजारात भाजी घेऊन बसते. पहिले काही दिवस त्याचं एकही कार्ड गेलं नाही. चवथीच्या आधीच्या बाजारात बसला आईच्या शेजारी, पुढ्यात गणपतीवर टांगायच्या माटोळीचं रानातून आणलेलं सामान: कांगल्या, घागऱ्या, आंबाडे, सगळे घोस बांधून. आणि ओरडतोय काय, तर घोस घेतला तर शंभराचं कार्ड ऐंशीला! त्याने ब्याऐंशी कार्डं विकली, नंदू! आपली दहा संपल्यावर ज्यांची जात नव्हती त्यांची मागून घेतली. शाळेत मात्र प्रत्येक कार्डामागे पुरते शंभर भरले. वरचे वीस घोसातून सुटत होते. हिशेबाची चोपडी मला दाखवलीन, एका पैचा फरक नाही.

एवढंच नव्हे. विकण्याआधी हा पठ्ठ्या चौदाही दुकानांत जाऊन विचारून आला. दोघांनी सांगितलं, आम्हाला या कार्डाचं काही माहीत नाही. तिसरा म्हणाला, चवथीची ऑफर असताना कार्ड चालणार नाही. याने पेन घेऊन प्रत्येक कार्डावरची ती दोन नावं खोडली आणि तिसऱ्यापुढे लिहिलं, “चवथी उपरांत”. आमच्याकडे तक्रारी आल्या त्या सगळ्या इतरांच्या कार्डांच्या. याच्या गिऱ्हाइकांची एकही नाही.

आणि याच्यावरच आता खटला उभा आहे. झालं असं की त्या सत्तरवाल्या साहेबांच्या ऑफिसातली एक बाई डिचोलीची. तिने शंभराला घेतलेलं, बाजारात ऐंशीला मिळतंय म्हणून कळलं, आणि तिने साहेबांकडे वीस रुपये परत मागितले. चक्क! साहेबांचं पत्र आलं: भाव पाडला, कार्डं विद्रूप केली, दुसऱ्यांची कार्डं आपल्या नावावर दाखवली, सबब सायकलीस अपात्र. हेडसर घाबरले. त्यांनी पोराला बोलावून विचारलं, शंभराची वस्तू ऐंशीला विकायची परवानगी तुला कुणी दिली? ते निरागसपणे म्हणालं, “सर, तें कार्डूच डिस्कावंटाचें न्हय?”

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला एकदम तू आठवलास. रॅफलची तिकिटं, आठवतं? “लागलं नाही तर पैशाचे बटाटे देतो” म्हणून अख्ख्या वाड्यात खपवलीस, आणि तुझ्या बाबांच्या दुकानातली अर्धी गोण गेली. माझ्या मामीलाही तू आदल्या रात्री गाठलंस. मामी माझी होती, नंदू, तिकीट मीच द्यायचं होतं. ते मी अजून विसरलेलो नाही. पण तुझ्या बाबांनी मारलं तुला आणि मास्तरांनी शाबासकी दिली, तेव्हा कोण बरोबर हे मला ठरवता आलं नव्हतं. या पोराच्या बाबतीत मला शंका नाही. दुसऱ्यांची कार्डं घेतली म्हणतात, तर ती ज्यांची होती ती पोरं माझ्याकडे येऊन सांगून गेली की आम्हीच दिली, आमची सुटका झाली. साहेबांनी ऑफिसात वाटली ती मुलीची, आणि याने भर उन्हात बसून विकली ती याची नव्हेत? हा कुठला नियम?

शनिवारी मॅनेजमेंटची बैठक आहे. तिथे तुझे भावजी असतात, आणि ते तोंड उघडत नाहीत, पण ज्या बाजूला मान हलवतात त्या बाजूने ठराव होतो, हे तुलाही ठाऊक आहे. त्यांना फोन कर. सायकल पोराला मिळाली पाहिजे आणि ते तक्ते दारांवरून उतरले पाहिजेत. मुळगावच्या बापाचे हजार परत करायचं मी लेखी मांडणार आहे. त्यावर वाद होईल, एजंटाचे चाळीस टक्के कुठून द्यायचे म्हणून. होऊ दे. माझं ऐकलं नाही तर पुढच्या वर्षीचा हिशेब दुसऱ्या कुणी बघावा, हेही सांगणार आहे. भावजींना माझं नाव सांगितलंस तरी चालेल. उलट सांगच.

बाकी तुझं कसं? वहिनींची बदली झाली का? धाकटीचा निकाल काय लागला, कळवलाच नाहीस. ठाण्याच्या फ्लॅटचा ताबा मिळाला असेल तर पत्ता पाठव, आई कोकमं पाठवायची म्हणते. नव्या सोमवारच्या उत्सवाला तरी येऊन जा, गेल्या वेळी ऐनवेळी टांग मारलीस.

तुझा,
बाळू

ता. क. सोबत एक कार्ड ठेवलंय. ठाण्यात त्याचा काही उपयोग नाही, पण छपराला आहे. पैसे माझ्या नंबरावर टाक. शंभर. घोस मिळणार नाही.